लहान गटांची यंत्रविद्या : हौशी रेडिओ-उपकरणांच्या रचनेविषयी

प्रस्तावना

हौशी रेडिओ म्हणजे आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता, आत्मशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक प्रयोग यांसाठी परवानाधारक व्यक्तींनी चालवलेली रेडिओसेवा होय. या सेवेतील व्यक्तीला जगभर ‘हॅम’ म्हणतात. भारतात तिला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो आणि ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे संकेतनाम मिळते. मोबाइल फोन किंवा पोलिसांचा वॉकीटॉकी वापरणाऱ्याला आतल्या सर्किटला हात लावण्याची मुभा नसते. हौशी परवानाधारक मात्र आपला ट्रान्समीटर स्वतः रचू शकतो, स्वतः बांधू शकतो आणि त्यावरून जगाशी बोलू शकतो. त्यातून निघणाऱ्या लहरी ठरलेल्या पट्ट्यात आणि ठरलेल्या शुद्धतेच्या राहतील, याची जबाबदारीही अर्थातच त्याचीच असते. अधिकार आणि जबाबदारी यांची ही सांगड हेच या क्षेत्राचे बलस्थान आहे.

हा अधिकार सर्वांना सारखाच असला, तरी बहुसंख्य परवानाधारक कारखान्यात तयार झालेली यंत्रे विकत घेतात, आणि त्यात गैर काही नाही. तथापि गेल्या शंभर वर्षांत या क्षेत्रात जे नवे आले, त्यातील बराच भाग दोन, चार किंवा फार तर दहा-बारा माणसांच्या गटांनी दिला आहे, हे इतिहास चाळणाऱ्याच्या सहज ध्यानात येते. अशा बहुतेक गटांपाशी मोठे भांडवल नव्हते. अनेकांचे काम नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चालले. तरीही त्यांची कित्येक यंत्रे नामांकित कंपन्यांच्या महागड्या यंत्रांच्या तोडीस तोड उतरली आणि काही तर सरस ठरली. हे कसे घडते आणि कोणत्या परिस्थितीत घडत नाही, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. ग्रंथाची भूमिका थोडक्यात सांगायची तर अशी, की यंत्र रचणारा, यंत्र वापरणारा आणि यंत्राची मोजमापे घेणारा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असले म्हणजे गुणवत्ता साधते, आणि हे अंतर वाढत गेले की ती घसरते.

गुणवत्ता म्हणजे काय?

चांगला रिसीव्हर म्हणजे अतिक्षीण संकेत ऐकू शकणारा रिसीव्हर, ही समजूत अर्धीच खरी आहे. ३० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यांत वातावरणाचा आणि वस्तीतील विद्युत-उपकरणांचा गोंगाट इतका असतो, की बऱ्यापैकी रचलेल्या कोणत्याही रिसीव्हरची संवेदनक्षमता पुरेशी ठरते. खरी कसोटी लागते ती प्रबळ संकेताच्या अगदी शेजारी असलेला क्षीण संकेत वेगळा काढताना. अँटेनातून आलेल्या संकेताचा यंत्रातच निर्माण केलेल्या दुसऱ्या लहरीशी संयोग घडवून त्याची वारंवारता बदलणारा जो भाग, त्याला मिक्सर म्हणतात. दोन प्रबळ संकेत एकाच वेळी मिक्सरवर आदळले, की प्रत्यक्षात कुणीही न पाठवलेले खोटे संकेत त्यातून जन्माला येतात. ऐकू येणारा सर्वांत क्षीण संकेत आणि असे खोटे संकेत निर्माण करू लागणारा प्रबळ संकेत यांच्यामधील अंतराला डायनॅमिक रेंज असे नाव असून ते डेसिबेलमध्ये मोजतात. मिक्सरला पुरवलेली स्थानिक लहर पूर्णपणे स्थिर नसते. तिच्या सूक्ष्म थरथरीला फेज नॉइज म्हणतात, आणि ती जास्त असेल तर शेजारच्या प्रबळ स्थानकाचा गोंगाट थेट आपल्या कानात उतरतो.

ही मापे कशी घ्यायची, याचा निर्णयही एका माणसाच्या चिकाटीतून झाला. अमेरिकी अभियंता रॉब शेरवुड यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की एकमेकांपासून दूर अंतरावरचे दोन संकेत देऊन काढलेले डायनॅमिक रेंजचे आकडे वापरणाऱ्याची दिशाभूल करतात, कारण हौशींच्या संपर्क-स्पर्धेच्या गर्दीत शेजारचे स्थानक अवघ्या २ किलोहर्ट्झवर येऊन बसलेले असते आणि त्या अंतरावर त्या काळचे नावाजलेले रिसीव्हरही कोलमडतात. त्यांनी २ किलोहर्ट्झ अंतरावरील मापांचा तक्ता प्रसिद्ध करण्याचा परिपाठ ठेवला. पुढे हीच कसोटी सर्वमान्य झाली आणि मोठ्या कंपन्यांनाही आपल्या रचना बदलाव्या लागल्या. ट्रान्समीटरच्या बाबतीत गुणवत्तेचा अर्थ निराळा असतो: ठरलेल्या वारंवारतेखेरीज तिच्या दुपटी-तिपटीवर, म्हणजे हार्मोनिकवर, आणि इतरत्र किती कमी ऊर्जा सांडते, हे तेथे पाहावे लागते. यांखेरीज आणखी दोन गुण असे आहेत की ज्यांना आकडा नसतो, पण ज्यांच्यावाचून यंत्र टिकत नाही. पहिला म्हणजे एकासारखी शंभर यंत्रे पुन्हा बांधता येणे, आणि दुसरा म्हणजे बिघडलेले यंत्र वापरणाऱ्याला स्वतः दुरुस्त करता येणे.

शंभर वर्षांची वाटचाल

पहिल्या महायुद्धापूर्वीच, १९१२ च्या कायद्याने, अमेरिकेतील हौशींना २०० मीटर व त्याहून लहान तरंगलांबीचा, म्हणजे व्यापारी व लष्करी दृष्टीने निरुपयोगी समजला गेलेला, पट्टा देण्यात आला होता. महायुद्धानंतर रेडिओ क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या सहा सदस्यांनी कनेटिकट राज्यातील ग्रीनिच येथे ‘१ बीसीजी’ हे स्थानक उभे केले. या सहाजणांत सुपरहेटरोडाइन रिसीव्हरचे जनक एडविन आर्मस्ट्राँग हेही होते. डिसेंबर १९२१ मध्ये त्या पट्ट्याजवळच्या सुमारे २३० मीटर तरंगलांबीवरचे या स्थानकाचे संकेत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन येथे तंबूत बसलेल्या पॉल गॉडली यांनी टिपले आणि अटलांटिक ओलांडायला प्रचंड शक्तीची व लांब तरंगांचीच स्थानके लागतात, हा समज मोडून पडला. सहा माणसे, एक सुस्पष्ट उद्दिष्ट आणि पलीकडच्या टोकाला एक जाणकार श्रोता ही त्या यशाची घडण पुढेही वारंवार दिसते.

आज ज्या कंपन्या मोठ्या म्हणून ओळखल्या जातात, त्यांतील अनेकांचे मूळही हौशींच्या खोलीतच आहे. आर्थर कॉलिन्स यांनी १९३३ मध्ये आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे कंपनी काढली, तेव्हा ते विशीत असलेले हौशी होते. जपानमधील याएसू आणि आयकॉम या कंपन्यांचे संस्थापकही परवानाधारक हौशी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची शिल्लक सामग्री स्वस्तात मिळू लागली, मिशिगनमधील हीथकिटने सुट्या भागांचे जुळणीसंच घरोघर पोहोचवले आणि जपानी यंत्रांनी १९७० च्या दशकात बाजार व्यापला. यंत्रे चांगली आणि स्वस्त झाली. परंतु त्यांच्या आत काय चालते हे ठाऊक असलेल्यांचे प्रमाण घटत गेले.

या प्रवाहाला वळण देण्याचे काम काही मोजक्या लोकांनी केले. वेस हेवर्ड आणि डिक बिंगहॅम यांनी नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘क्यूएसटी’ मासिकात डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरची रचना प्रसिद्ध केली. या पद्धतीत मधली पायरी वगळून अँटेनातील संकेत थेट ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर आणला जातो, त्यामुळे अगदी थोड्या भागांत कामचलाऊच नव्हे तर उत्तम रिसीव्हर होतो. हेवर्ड आणि डग डिमॉ यांचे १९७७ मधील पुस्तक आणि हेवर्ड, रिक कॅम्पबेल व बॉब लार्किन यांचे २००३ मधील पुस्तक यांनी घरच्या टेबलावर मोजून-पडताळून रचना करण्याची शिस्त घालून दिली. इंग्लंडमध्ये रेव्हरंड जॉर्ज डॉब्ज यांनी १९७४ मध्ये ‘जी-क्यूआरपी क्लब’ स्थापन केला. ५ वॅट किंवा त्याहून कमी शक्तीवर काम करण्याला क्यूआरपी म्हणतात; कमी शक्ती म्हणजे कमी खर्च आणि कमी धोका, म्हणून स्वतः बांधणाऱ्यांची ती स्वाभाविक शाळा झाली.

चार परंपरा

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या कामाच्या चार परंपरा स्पष्ट दिसू लागल्या. त्या एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत, तरी प्रत्येकीचा भर वेगळा असल्यामुळे त्या स्वतंत्रपणे समजून घेणे सोयीचे ठरते.

पहिली परंपरा जुळणीसंचांची, म्हणजे किटची. कॅलिफोर्नियातील ‘नॉरकॅल’ या क्लबसाठी वेन बर्डिक यांनी १९९० च्या दशकात ७ मेगाहर्ट्झचा ‘नॉरकॅल ४०’ हा मोर्स ट्रान्सीव्हर, म्हणजे एकाच पेटीतला रिसीव्हर आणि ट्रान्समीटर, रचला. तो इतका स्वच्छ होता, की कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक डेव्हिड रटलेज यांनी त्याच्या एकेका भागाचे विश्लेषण करीत रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सचे पाठ्यपुस्तक लिहिले. बर्डिक आणि एरिक स्वॉर्ट्झ यांनी १९९८ मध्ये एलेक्राफ्ट ही दोघांची कंपनी सुरू केली आणि त्यांचा ‘के-२’ हा ट्रान्सीव्हर किटच्या रूपात बाजारात आला. त्याच्या रचनेकडे जवळून पाहिले, तर विचाराची खोली कळते. आतील सर्किट-बोर्ड एकमेकांत थेट बसत असल्याने तारांचे जंजाळ नाही. बांधणाऱ्याकडे महाग उपकरणे नसणार हे गृहीत धरून वारंवारता मोजण्याची आणि विद्युतदाब तपासण्याची सोय यंत्रातच केलेली आहे, त्यामुळे अर्धवट बांधलेले यंत्र स्वतःच्या उरलेल्या भागांची तपासणी करण्याच्या कामी येते. आणि बटण दाबले जात नसताना काही नियंत्रक झोपी जातात, जेणेकरून त्यांचा अंकीय गोंगाट रिसीव्हरमध्ये शिरू नये. याच कंपनीचा २००७ मधील ‘के-३’ शेरवुड यांच्या तक्त्यात वरच्या स्थानी पोहोचला. इंग्रज अभियंता हान्स समर्स यांच्या ‘क्यूआरपी लॅब्ज’ने २०१७ मध्ये तरुण हौशींच्या शिबिरासाठी रचलेला ‘क्यूसीएक्स’ हा ५ वॅटचा किट याच वाटेवरचा पुढचा टप्पा होय: जुळणीसाठी लागणारा संकेत तो स्वतः निर्माण करतो, योग्य स्थिती पडद्यावर दाखवतो, आणि सुरुवातीला त्याची किंमत अवघी ४९ डॉलर होती.

दुसरी परंपरा काटकसरीची. तिचे सर्वांत ठळक उदाहरण भारतातलेच आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी या शतकाच्या आरंभी ‘बिटएक्स’ हा १४ मेगाहर्ट्झचा आवाजी ट्रान्सीव्हर रचला. परदेशी लेखांत सर्रास सुचवलेले टोरॉइड, म्हणजे कॉइल गुंडाळण्याच्या चुंबकीय कड्या, भारतातल्या दुकानांत मिळत नसत, म्हणून त्यांनी नळाच्या वॉशरवर तार गुंडाळली. रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे साधे ट्रान्झिस्टर वापरले. आणि एकच फिल्टर व तेच मिक्सर ऐकताना एका दिशेने व बोलताना उलट दिशेने चालवले. प्रत्येक टप्प्याचे प्रवेश व निर्गम ५० ओमचे ठेवल्यामुळे कोणताही टप्पा सुटा करून तपासता येतो. काटकसर येथे गुणवत्तेच्या आड येत नाही. उलट ती रचनेला नितळ करते. पुढे २०१६ च्या अखेरीस आलेल्या ‘बिटएक्स ४०’ आणि त्यानंतरच्या ‘मायक्रोबिटएक्स’ या तयार बोर्डांच्या जुळणीचे काम हैदराबादमधील महिलांच्या एका गटाने केले आणि ते बोर्ड जगभर गेले. मायक्रोबिटएक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतून हार्मोनिक आणि अनिष्ट संकेत अपेक्षेहून जास्त बाहेर पडतात, असे वापरणाऱ्यांनीच मोजून दाखवले. कारणे उघडपणे चर्चिली गेली, उपाय सुचवले गेले आणि नंतरच्या आवृत्तीत मांडणी बदलण्यात आली. आराखडा खुला असल्यामुळेच हे इतक्या वेगाने घडू शकले.

तिसरी परंपरा खुल्या सहकार्याची आणि सॉफ्टवेअर-रेडिओची. ॲरिझोनातील टुसॉन येथे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘टापर’ या संस्थेने संगणकांचे निरोप रेडिओवरून गठ्ठ्यांच्या रूपात पाठवणारे ‘टीएनसी’ हे उपकरण रचले, ते आधी निवडक सदस्यांकडून बांधवून-वापरवून घेतले आणि नंतर तो आराखडा अनेक लहान उत्पादकांना वापरू दिला. जेराल्ड यंगब्लड यांनी २००२ पासून ‘क्यूईएक्स’ मासिकात लेखमाला लिहून असे दाखवले, की फिल्टर आणि डिटेक्टर यांचे काम संगणकावरील गणिताने होऊ शकते. यालाच सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ म्हणतात. त्यानंतर ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि युरोपातील हौशींनी एकत्र येऊन ‘एचपीएसडीआर’ हा प्रकल्प उभा केला. त्यातील ‘मर्क्युरी’ हा रिसीव्हर अँटेनावरील संकेताचे सेकंदाला १२ कोटी २८ लाख ८० हजार नमुने घेतो आणि पुढचे सर्व काम अंकांवर होते. याच आराखड्यांच्या आधारे अपॅची लॅब्ज या भारतीय कंपनीने ‘अनान’ मालिकेचे ट्रान्सीव्हर बाजारात आणले. टापरने २००७ मध्ये हार्डवेअरसाठी खुला परवानाही तयार केला. भौतिकशास्त्राचे नोबेल-मानकरी जो टेलर यांनी २००१ मध्ये सुरू केलेले ‘डब्ल्यूएसजेटी’ हे सॉफ्टवेअर याच परंपरेतले. टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांच्या २०१७ मधील ‘एफटी ८’ या पद्धतीत गोंगाटाच्या पातळीखाली सुमारे २० डेसिबेल बुडालेला निरोपही वाचता येतो, आणि त्यासाठी केवळ ५० हर्ट्झ रुंदीची जागा पुरते.

चौथी परंपरा उपग्रहांची. कॅलिफोर्नियातील हौशींनी बनवलेला ‘ऑस्कर १’ हा सुमारे साडेचार किलोचा उपग्रह १२ डिसेंबर १९६१ रोजी दुसऱ्या मोहिमेच्या अग्निबाणावर, समतोल राखण्यासाठी ठेवायच्या वजनाच्या जागी बसून, अवकाशात गेला. त्याच्या १४० मिलिवॅटच्या ट्रान्समीटरने ‘एचआय’ ही मोर्स-अक्षरे सुमारे तीन आठवडे प्रक्षेपित केली आणि अक्षरांच्या वेगावरून आतले तापमान कळत असे. एका वेगळ्या संवेदक-यंत्रणेची गरजच उरू न देणारी ही युक्ती लहान गटांच्या विचारपद्धतीचा नमुना होय. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेल्या ‘हॅमसॅट’वर आलेला संकेत पुन्हा प्रक्षेपित करणारे दोन ट्रान्सपाँडर होते: एक भारतीय रचनेचा होता आणि दुसरा विल्यम लेयेनार या डच विद्यार्थ्याने तयार केलेला होता. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनीही या परंपरेत भर घातली आहे: पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सुमारे १ किलोचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी, तर मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबर २०१६ रोजी कक्षेत गेला. स्वयम्‌ने उपग्रहाची दिशा ऊर्जा न खर्चता चुंबकांच्या साहाय्याने राखण्याचा आणि हौशी पट्ट्यावर निरोपांची देवाणघेवाण करण्याचा प्रयोग हाती घेतला; प्रथमचे काम आयनांबरातील इलेक्ट्रॉनांचे प्रमाण मोजण्याचे होते.

समान सूत्रे

या चारही परंपरांतील यशस्वी गटांकडे एकत्र पाहिले असता काही गोष्टी सर्वत्र आढळतात. पहिली गोष्ट म्हणजे नकार देण्याची क्षमता. के-२ काय करणार नाही, क्यूसीएक्स किती पट्टे सोडून देणार, बिटएक्समध्ये कोणती सोय नसणार, हे आरंभीच ठरले होते. एकच गोष्ट उत्तम करायची असे ठरवल्यावर प्रत्येक सुटा भाग त्या कसोटीवर निवडता येतो. मोठ्या संस्थेत विक्रीविभागाच्या मागणीवरून यंत्रावर बटणे वाढत जातात; लहान गटात तसे वाढवणाऱ्याला त्याची किंमत स्वतःच्या रात्री जागवून मोजावी लागते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. अनुमान आणि पडताळणी यांच्यामधील अंतर जितके कमी, तितकी रचना वेगाने सुधारते. सर्किटचे गणित मांडून किंवा संगणकावर त्याची प्रतिकृती चालवून जे अपेक्षिले, ते तांब्याच्या कोऱ्या पत्र्यावर भाग थेट सोल्डर करून लगेच तपासायचे, ही हेवर्ड-परंपरेची सवय आजही उपयोगी पडते. दिसायला ओबडधोबड अशी ही जुळणी रेडिओ-वारंवारतांवर मात्र उत्तम चालते, कारण सर्व भागांना जवळच अर्थिंगचा सलग पृष्ठभाग मिळतो.

तिसरी गोष्ट वापरणाऱ्यांच्या सहभागाची. विक्रीपूर्वी निवडक परीक्षकांनी किट बांधून पाहायची पद्धत नॉरकॅल, टापर आणि एलेक्राफ्ट या सर्वांनी पाळली. परीक्षक चुकतो तेथे दोष त्याचा नसून सूचनापुस्तिकेचा किंवा रचनेचा आहे, असे मानणारा गट पुढे जातो. म्हणूनच या क्षेत्रात सूचनापुस्तिका ही रचनेचाच एक भाग समजली जाते. उत्तम किटच्या पुस्तिकेत प्रत्येक टप्प्यावर काय दिसले पाहिजे, कोणता विद्युतदाब आला पाहिजे आणि तो न आल्यास कोठे पाहावे, हे क्रमाने दिलेले असते.

या पद्धतीच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्टपणे मांडायला हव्यात. एका माणसावर उभा असलेला प्रकल्प त्या माणसाच्या आजारपणाने किंवा कंटाळ्याने थांबतो. यंत्र लोकप्रिय झाले की शंकानिरसनातच सारा वेळ जातो आणि नवी रचना मागे पडते. एखाद्या चिपचे उत्पादन बंद झाले की सिद्ध झालेला आराखडा नव्याने घडवावा लागतो. शुद्धतेची प्रमाणित चाचणी करण्याची उपकरणे सर्वांजवळ नसतात, आणि केवळ आवाज चांगला आला म्हणून यंत्र चांगले, असे मानणारे गट शेजाऱ्यांच्या पट्ट्यांत गोंगाट सांडतात. आपुलकीने केलेल्या कामालाही मोजपट्टी लावावीच लागते.

आजची निकड

या विषयाला आज विशेष महत्त्व येण्याची कारणे अनेक आहेत. एके काळी प्रयोगशाळेतच आढळणारी साधने आता विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली आहेत: अँटेना आणि फिल्टर तपासणारे नॅनोव्हीएनए हे खिशात मावणारे उपकरण मुळात जपानमधील एका हौशीच्या खुल्या आराखड्यातून जन्मले, किकॅडसारखे सर्किट-बोर्ड आखण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, आणि एसआय ५३५१ ही स्वस्त चिप तीन स्वतंत्र वारंवारता स्थिरपणे पुरवते. त्याच वेळी एलईडी दिवे, चार्जर आणि सौरऊर्जेचे इन्व्हर्टर यांमुळे शहरांतील रेडिओ-गोंगाट वाढला असल्याने चांगल्या रिसीव्हरची आणि चांगल्या अँटेनाची गरज पूर्वीपेक्षा अधिक भासते. आपत्तीच्या काळातील उपयोगही विसरता येत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातील नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली, तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचा पोर्ट ब्लेअर येथे आधीच गेलेला चमू मुख्य भूमीशी दुवा ठरला.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर सुटे भाग मिळवण्याची परंपरा येथे जुनी आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली या बाजारांनी हौशींच्या आणि रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना सामग्री पुरवली. परदेशी यंत्र आणणे अवघड आणि खर्चिक असलेल्या दशकांत जुन्या रेडिओंच्या आणि लष्करी शिल्लक सामानाच्या भागांतून ट्रान्समीटर उभे राहिले, ते याच बाजारांच्या आधाराने. उणीव आहे ती लेखनाची. येथल्या हौशींनी जे बांधले, त्याचे आराखडे आणि मापे मराठीत फारशी नोंदली गेली नाहीत, आणि म्हणून प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत रेडिओ-वारंवारतांचे सिद्धान्त शिकवले जातात. परंतु स्वतः गुंडाळलेल्या कॉइलने स्वतःच्या कानांवर दूरच्या देशातला आवाज आणून दिल्यावर तो सिद्धान्त जसा पक्का होतो, तसा परीक्षेच्या तयारीने होत नाही.

प्रस्तुत ग्रंथाची मांडणी

हा ग्रंथ सर्किटांचा संग्रह म्हणून लिहिलेला नाही, आणि कंपन्यांचा इतिहास म्हणूनही नाही. येथे निवडलेल्या प्रत्येक यंत्राबाबत एकच प्रश्न विचारला आहे, तो म्हणजे रचनाकारांनी कोणते निर्णय घेतले, ते कशाच्या आधारे घेतले आणि पर्याय का नाकारले. सैद्धान्तिक भाग लागेल तेथेच आणि लागेल तेवढाच दिला असून बारावीच्या भौतिकशास्त्राची ओळख असलेल्या वाचकाला तो अवघड जाऊ नये अशी काळजी घेतली आहे. ज्या संज्ञा हौशींच्या बोलण्यात रुळलेल्या आहेत, त्या तशाच ठेवल्या आहेत. मिक्सरला कृत्रिम प्रतिशब्द शोधण्याऐवजी मिक्सर काय करतो हे समजावून देणे अधिक उपयुक्त, असे धोरण सर्वत्र पाळले आहे. प्रत्येक रचनेचे गुण सांगताना तिच्या त्रुटीही मापांसह दिल्या आहेत, कारण त्रुटी लपवलेल्या रचनेपासून शिकण्यासारखे थोडेच असते.

गट कसा बांधावा, हाही या ग्रंथाचा विषय आहे. सर्किटची जाण असलेला एक, सॉफ्टवेअर लिहिणारा एक, यांत्रिक जुळणी आणि पेटीचे काम पाहणारा एक, आणि रोज हवेवर असणारा, नापसंती स्पष्ट शब्दांत सांगणारा एक, अशी चार माणसे एकत्र आली तर पुष्कळ होते. या चौघांमध्ये मतभेद झाल्यास निर्णय मापावर सोडायचा, पदावर किंवा वयावर नाही, एवढा एक नियम मान्य असला पाहिजे.

या ग्रंथाच्या वाचकाला एक विनंती करावीशी वाटते. त्याने परवान्याची परीक्षा द्यावी, गावातले किंवा महाविद्यालयातले दोन-तीन समविचारी जोडीदार मिळवावेत, एखाद्या सिद्ध आराखड्याचे लहान यंत्र आधी हुबेहूब बांधावे, ते तपासावे आणि मगच त्यात आपला बदल करावा. आलेली मापे, चांगली असोत वा वाईट, मराठीत लिहून प्रसिद्ध करावीत. पुढच्या गटाला आरंभ करायला त्याहून भक्कम आधार मिळणार नाही.